दोष अस्कॅरिसचा, बदनामी तलावातल्या सूत्रकृमींची

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या शहराच्या पानावर एका वस्तीतल्या पाण्याच्या टाकीत जंत निघाल्याची बातमी होती, सोबत काचेच्या ग्लासात वळवळणाऱ्या लाल किड्यांचा फोटो, आणि मग तोच फोटो दिवसभर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, कोणी लिहिलं हे पोटात गेले की आतडी कुरतडतात, कोणी लेकरांसाठी जंताचं औषध आणायला मेडिकलमध्ये पळालं. लोकांनी तक्रार केली ते बरोबरच केलं, टाकी घाण होती यात वाद नाही. पण फोटोतले ते जंत नव्हते हो. त्या कायरोनोमस नावाच्या माशीच्या अळ्या होत्या, डासासारखी दिसणारी पण न चावणारी माशी असते ती, संध्याकाळी दिव्याभोवती थवेच्या थवे येतात बघा. अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून ती लाल, अंगाला कप्पे, डोकं वेगळं दिसतं आणि पुढे-मागे आखूड पायांच्या जोड्या. नागपुरात ज्याच्या घरी कूलर आहे त्याने या पाहिल्या नसतील असं होणारच नाही, मे महिन्यात टबातलं पाणी काही दिवस बदललं नाही की तळाशी हजर.

मी बरीच वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळे वेळही आहे नि खाजही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागा कमी असेल तर कापा, पण शरीररचनेचा भाग कापू नका, सगळा मुद्दा तिथेच आहे.

माझं म्हणणं असं की आपल्या डोक्यात सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे कृमी, इंग्रजीत निमॅटोड, म्हटलं की फक्त पोटातला जंत येतो आणि याला आपला अभ्यासक्रमच कारणीभूत आहे. अकरावी-बारावीपासून बीएस्सीपर्यंत या अख्ख्या संघाचा, म्हणजे प्राण्यांच्या या मोठ्या गटाचा, प्रतिनिधी म्हणून आपण एकच प्राणी शिकवला, अस्कॅरिस, माणसाच्या आतड्यातला मोठा जंत. फॉर्मलिनच्या बरणीतला तो पांढरट वीतभर लांब कृमी सगळ्यांना आठवत असेल. आता गंमत बघा, या संघातल्या पंचवीस हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झालेली आहे, नोंद न झालेल्या त्याच्या कितीतरी पट असणार, आणि पृथ्वीवरचे प्राणी एकेक करून मोजले तर पाचातले चार सूत्रकृमी निघतील असा अंदाज आहे. २०१९ साली नुसत्या मातीतल्या सूत्रकृमींचा जगभराचा हिशेब प्रसिद्ध झाला, तो चारावर वीस शून्यं याच्याही वर गेला. यातले बहुतेक सगळे मातीत, समुद्राच्या वाळूत, नदी-तलावाच्या गाळात स्वतःच्या हिमतीवर जगतात, कोणाच्या पोटात जात नाहीत. लांबी साधारण एक मिलिमीटर, पुष्कळ तर त्याहूनही लहान, अंग काचेसारखं आरपार, म्हणून ग्लासात धरून फोटो काढायला ते मिळतच नाहीत. आणि आपण मात्र वीतभर लांब, आतड्यात आयतं खाऊन राहणारा, डोळे-केस-दात सगळं गमावलेला एक भिडू उचलला आणि पोरांना सांगितलं की हा बघा, सूत्रकृमी असा असतो.

लोक घाबरतात ते काही उगाच नाही, हेही कबूल. आमच्या आधीच्या पिढीने नारू बघितलाय, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा कृमी बाहेर यायचा, भारत त्यातून सुटल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिलं ते फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. हत्तीरोग तर आपल्या पूर्व विदर्भाच्या पाचवीलाच पुजलेला. संत्र्याच्या बागायतदाराला विचारा, तोही निमॅटोड म्हटलं की कपाळावर हात मारेल, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या मुळाला लागणाऱ्या सूत्रकृमीची मादी अर्धी मुळाच्या आत घुसते, अर्धी बाहेर राहते आणि झाड वर्षानुवर्षं हळूहळू खंगत जातं. हे सगळे सूत्रकृमीच. पण म्हणून अंबाझरी तलावाच्या गाळातले त्यांचे भाऊबंद गुन्हेगार ठरत नाहीत.

इथे वर्गीकरण कामाला येतं, आणि ते वाटतं तितकं कंटाळवाणं नाही. १९३० च्या दशकात चिटवूड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने या संघाचे दोन भाग पाडले, शेपटीच्या दोन बाजूंना फॅझमिड नावाचं बारीक ज्ञानेंद्रिय असणारे आणि नसणारे. पुढे यांनाच सेसर्नेंटिया आणि अ‍ॅडेनोफोरिया ही नावं आली, आम्ही तीच शिकलो आणि तीच शिकवली. पाण्यातले बहुतेक सगळे दुसऱ्या गटात पडायचे. हे बरीच वर्षं चाललं, मग १९९८ साली ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या जनुकावरून वंशवृक्ष मांडला तेव्हा कळलं की तो दुसरा गट म्हणजे एक कूळ नव्हतंच, मोट बांधली होती नुसती. पुढच्या चार-सहा वर्षांत डी ले आणि ब्लॅक्स्टर यांनी नवी मांडणी केली, दोन वर्ग, एनोप्लिया आणि क्रोमॅडोरिया. पहिल्यात परत दोन शाखा, एक समुद्रात जास्त रमणारी आणि दुसरी डोरिलायमिया, जी समुद्रात जवळजवळ सापडतच नाही, माती आणि गोडं पाणी हेच तिचं घर. क्रोमॅडोरियात मात्र सगळी जत्रा आहे, समुद्रातले, तलावातले, कंपोस्टमधले, आणि आपला अस्कॅरिससुद्धा त्यातच.

यातून निघालेली सगळ्यात भारी गोष्ट अशी की परजीवी सूत्रकृमींचं वेगळं घराणं नाही. प्राण्यांवर जगायची सवय या संघात निदान चार वेळा आणि वनस्पतींवर जगायची निदान तीन वेळा वेगवेगळी लागलेली आहे, दर वेळी कुठल्यातरी मोकळ्या जगणाऱ्या पूर्वजाला. म्हणून डोरिलायमियात तलावातल्या साध्यासुध्या कृमींच्या शेजारी ट्रायकिनेला हा डुकराच्या मांसातून माणसात येणारा परजीवी बसलेला दिसतो, आणि अस्कॅरिसच्या वर्गात सिनोरॅब्डायटिस एलेगन्स दिसतो, तोच तो मिलिमीटरभराचा, सडक्या फळांवरचे बॅक्टेरिया खाणारा, ज्याच्यावर काम करणाऱ्यांना २००२, २००६, २००८ आणि परत २०२४ मध्ये नोबेल मिळालं. काही जण तर दोन्हीकडे पाय ठेवून आहेत, स्ट्राँगिलॉइड्स नावाचा माणसातला परजीवी आहे त्याची एखादी पिढी माणसाबाहेर मातीत मोकळी वाढते, नर-मादी होतात, पिल्लं होतात आणि त्यांच्यातून परत माणसात शिरणाऱ्या अळ्या तयार होतात. म्हणजे नुसता आकार बघून हा वाईट तो चांगला असं ठरवता येत नाही, तोंड बघावं लागतं, घसा बघावा लागतो, शेपटी बघावी लागते.

तर आता शरीर. बाहेरून क्युटिकलचं कडक पण लवचिक कवच, ते आयुष्यात चार वेळा टाकून प्राणी मोठा होतो, या कात टाकण्यामुळेच त्याचं नातं गांडुळापेक्षा किडे-खेकड्यांशी जवळचं मानतात, हे ऐकून माझे विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे संशयाने बघायचे. एनोप्लियात हे कवच बहुधा गुळगुळीत दिसतं, क्रोमॅडोरियात त्यावर आडव्या रेघा, कुठे ठिपक्यांच्या ओळी, नक्षी. कवचाच्या आत स्नायू आहेत पण फक्त उभे, आडवे गोल फिरणारे स्नायू नाहीतच. गांडूळ आखूड होतं, लांब होतं, कारण त्याच्याकडे दोन्ही प्रकार आहेत, याला ते जमत नाही. आतल्या पोकळीत द्रव दाबाने भरलेला, त्यामुळे अंग ताठ, एका बाजूचे स्नायू आखडले की अंग वाकतं, सोडले की कवच आणि दाब मिळून परत सरळ करतात. याला बाजूला वाकताच येत नाही, फक्त पाठ-पोट अशाच दिशेने वाकता येतं, म्हणून तो चक्क कुशीवर पडून एस काढत चालतो. गाळात, वाळूच्या कणांमध्ये हे झकास चालतं, नुसत्या पाण्यात टाकला तर जागच्या जागी तडफडतो, पुढे फारसा जात नाही. मायक्रोस्कोपखाली ही तडफड एकदा बघितली की आयुष्यात परत ओळखायला चुकत नाही, आणि अळीचं चालणं त्याहून किती वेगळं असतं तेही लक्षात येतं.

त्याहून विचित्र म्हणजे याच्यात मज्जातंतू स्नायूकडे जात नाहीत, स्नायूच्या पेशीच हात लांब करून मज्जातंतूपर्यंत पोचतात. हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, श्वसनाचं इंद्रिय नाही, एवढ्या बारीक अंगात प्राणवायू कातडीतूनच पोचतो. एलेगन्सच्या उभयलिंगी प्राण्यात शरीराच्या पेशी मोजून ९५९ आणि त्यातल्या मज्जापेशी ३०२, सगळ्यांची नावानिशी यादी आहे. शुक्रपेशीला शेपूट नाही, अमिबासारखी सरपटत जाते.

आता तोंड, कारण सगळी ओळख तिथून सुरू होते. मोकळ्या सूत्रकृमीला मुळात सहा ओठ, त्याभोवती सहा, परत सहा आणि मग चार असे ज्ञानेंद्रियांचे वेढे, बाहेरच्या वेढ्यात पुष्कळदा लांब केस. अस्कॅरिसला उरलेत तीन ओठ, आणि केस नाहीतच, आतड्याच्या अंधारात करायचे काय केस. डोक्याच्या दोन बाजूंना अँफिड नावाचं वास-चव घेणारं इंद्रिय असतं आणि त्याचा आकार म्हणजे वर्गीकरणवाल्यांची जान, एनोप्लियात खिशासारखं, क्रोमॅडोरियातल्या काहींत वळसे घेतलेलं, मॉन्हिस्टेराच्या गटात पूर्ण गोल, एलेगन्ससारख्यांत नुसतं छिद्र. ओठांच्या आत तोंडाची पोकळी, ती बघितली की हा खातो काय हे कळतं. पोकळी अरुंद आणि दात नाही तर बारीक बॅक्टेरिया शोषणारा, एखादा छोटा दात असेल तर शेवाळ खरवडून फोडणारा, मोठा दात किंवा भाला असेल तर शिकारी नाहीतर टोचून रस ओढणारा. वीझर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये समुद्रातल्या सूत्रकृमींचे असे खाण्यावरून चार गट केले, थोड्याफार फरकाने ते गोड्या पाण्यातही चालतात.

तोंडामागे फॅरिंक्स, म्हणजे घशाचा पंप. त्याची नळी आडवी कापली तर तीन कोनांची दिसते. पोकळीतल्या दाबामुळे अख्खी अन्ननलिका चपटी दाबलेली असते, म्हणून खाणं जोर लावून आत ढकलावं लागतं, फॅरिंक्सचे स्नायू आखडले की तीन कोन उघडतात आणि पाणी आत ओढलं जातं, सोडले की बंद. मागच्या टोकाला तर उलट, गुदद्वार उघडायला स्नायू लागतो, बंद ते आपोआप होतं, दाब आहेच. मला विचाराल तर हा सगळा प्राणी म्हणजे एका दाबाभोवती उभारलेली रचना आहे आणि हेच आम्ही वर्गात नीट सांगितलं नाही, नुसती नावं पाठ करून घेतली.

शेपटीत बहुतेक जलचर सूत्रकृमींना तीन ग्रंथी, त्यांचा चिकट स्राव शेपटीच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून येतो, त्याने प्राणी वाळूच्या कणाला, काडीला, शेवाळाला शेपूट चिकटवून ठेवतो नि डोकं मोकळं हलवत खात बसतो. वाहत्या पाण्यात हे नसेल तर वाहूनच जाईल. नराच्या शेपटीशी दोन वाकड्या काड्या, स्पिक्युल, मीलनात मादीचं छिद्र उघडं धरायला, आणि त्याच्या पुढे पोटावर काही जातींत फोडांसारख्या अवयवांची रांग. एवढं सगळं झाल्यावर पट्टी, डच शास्त्रज्ञ डी मान यांची गुणोत्तरं अजून वापरतात, लांबी भागिले जाडी, लांबी भागिले घशाची लांबी, लांबी भागिले शेपटीची लांबी.

आपल्याकडच्या तलावाचा काठचा गाळ घ्या, फुटाळ्याचा घ्या नाहीतर सोनेगावचा घ्या, मायक्रोस्कोपखाली कोण कोण शोधायचं ते सांगते. डोरिलायमस असेल तर आधी तोच नजरेत भरेल कारण तो काही मिलिमीटर लांब असतो, तोंडात पोकळ भाला, अंगावर उभ्या रेघा, आणि मादीची शेपूट लांब दोऱ्यासारखी तर नराची आखूड बोथट, इतकी वेगळी की नवख्याला दोन जाती वाटतात. मॉन्हिस्टेरा नाजूक, दात नाही, अँफिड गोल, मादीला एकच अंडाशय, काही जातींत डोक्याजवळ रंगीत डोळ्याचे ठिपके. टोब्रिलसला तोंड नरसाळ्यासारखं आणि डोक्यावर केस. आणि मोनोंकस दिसला तर बाकी सगळं सोडून त्यालाच बघत बसा, पिंपासारखी तोंडाची पोकळी आणि वरच्या बाजूला एक जबरदस्त दात, दुसऱ्या सूत्रकृमीला धरून फाडतो, कधी अख्खाच गिळतो, आणि त्याचं अंग आरपार असल्यामुळे गिळलेला आतमध्ये दिसतो.

बघायला फार काही लागत नाही. चहाची गाळणी, त्यात टिश्यू पेपर, त्यावर चमचाभर गाळ, आणि खाली ताटलीत गाळाला टेकेल इतकं पाणी. रात्रभर ठेवा. हे वळवळत टिश्यूतून खाली उतरतात आणि ताटलीत जमतात. बेअरमान नावाच्या माणसाने १९१७ साली जावामध्ये मातीतल्या हुकवर्म या आतड्यातल्या परजीवीच्या अळ्या काढायला फनेलची जी युक्ती केली तिचाच हा घरगुती अवतार. हात साबणाने धुवा म्हणजे झालं, आपल्या तलावांत कुठून काय येऊन मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेतला साधा मायक्रोस्कोप पुरतो, जात ओळखायची असेल तर मात्र चांगला लेन्स लागतो आणि धीर लागतो.

नळाच्या पाण्यात हे मोकळे सूत्रकृमी आले तर काय, असंही कोणी विचारेल. येतात कधीकधी, जगभर येतात, क्लोरीनला ते चिवट असतात आणि फिल्टरच्या वाळूत त्यांना राहायला आवडतंही. ते स्वतः रोग करत नाहीत, पण त्यांनी खाल्लेले बॅक्टेरिया त्यांच्या पोटात क्लोरीनपासून वाचू शकतात, म्हणून संख्या वाढली असेल तर फिल्टर नीट चालत नाही असं धरून तक्रार करायचीच. फक्त जंताची गोळी हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता मूळ मागणी. आपल्या तलावांची तब्येत तपासतात तेव्हा पाणी तपासतात, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी म्हणजे घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, कोलिफॉर्म म्हणजे मैलापाण्याची खूण देणारे बॅक्टेरिया. हे हवंच. पण पाण्याचा नमुना म्हणजे त्या दिवसाची गोष्ट, वरून पाऊस पडला की आकडा बदलला. गाळातले सूत्रकृमी तिथेच राहतात, पळून जाऊ शकत नाहीत, गाळाला जे जे भोगावं लागतं ते सगळं त्यांना भोगावं लागतं. बोंगर्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९९० साली मातीतल्या कुळांना एक ते पाच असे अंक दिले, एक म्हणजे घाण वाढली की भराभर वाढणारे, रॅब्डायटिस, डिप्लोगॅस्टर यांच्या कुळातले, सांडपाण्यात हेच बोकाळतात. टोब्रिलसचं कूळ तीनवर, मोनोंकस आणि डोरिलायमस यांची कुळं चारवर, हळू वाढणारी, त्रास दिला की आधी नाहीशी होणारी. गाळात कोण किती आहे ते मोजून सरासरी काढली की कळतं तलाव कुठल्या दिशेने चाललाय. पद्धत गोड्या पाण्याच्या गाळालाही लावतात. नीरीसारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून ज्या शहरात आहे, विद्यापीठात प्राणिशास्त्र आहे, लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत सूत्रकृमी ओळखणारी माणसं आहेत, त्या शहराला हे अवघड आहे का हो? अवघड नाही, फक्त कोणी मागत नाही. गाळ काढायचं टेंडर निघतं, जलपर्णी काढायचं निघतं, ट्रक भरून गाळ जातो, आणि त्या गाळात कोण राहत होतं हे पोकलेन लागायच्या आधी कोणी चमचाभर घेऊनसुद्धा बघत नाही.

तर दोन गोष्टी करा. एक, पुढच्या वेळी पाण्यात किडे निघाल्याची बातमी आली की छापायच्या आधी फोटो जवळच्या कुठल्याही कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे, फुकट सांगतात. दोन, गाळ काढायची पुढची बातमी कराल तेव्हा अधिकाऱ्यांना एवढा एक प्रश्न विचारा की गाळाचे नमुने कामाच्या आधी घेतले का आणि कामानंतर परत घेणार का. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठचा गाळ हाताला लागतो, एप्रिल-मे हा त्यासाठी बरा काळ, पावसाळ्याची वाट बघत बसू नका.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर